धनेश आणि वडाखालचे मंडळ

घाटातल्या एका दाट रानात, जुन्या बेहड्याच्या झाडावर, एक धनेश आपल्या बायकोसोबत राहत असे. धनेश हा पक्षी, बाळांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. राखी अंग, लांब शेपूट, आणि चोच एवढी मोठी की पाहणाऱ्याला वाटावे, ही दुसऱ्या कोणाची तरी मागून आणलेली दिसते! पण या पक्ष्याच्या संसाराची एक रीत आहे. ती समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि चिखलाने, फळांच्या चिकट गराने ढोलीचे तोंड लिंपून टाकते. साप नको, घोरपड नको. उघडी राहते ती फक्त एक उभी फट, चोचीचे टोक आत जाईल एवढी. आत बसल्यावर तिची उडायची पिसे गळून पडतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तिचे खाणे, पिल्लाचे खाणे, सगळे नराच्या एका चोचीवर. तो दिवसभर रान पालथे घालतो आणि फटीतून फळ आत सरकवतो. आतल्या अंधारात ती फळ निरखून पाहत नाही. चोच आपल्या माणसाची आहे, एवढे पुरते. असा भरवसा आपल्या संसारातही रोज पाहायला मिळत नाही.

त्या वर्षी उंबरांना फळ कमी धरले होते. धनेशाला डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जावे लागे. परत येईपर्यंत त्याच्या पंखांत शिसे ओतल्यासारखे होई.

"अहो, उन्हं कलली वाटतं," बायको आतून म्हणे. "फटीतला उजेड पिवळा झालाय."

"जवळपास काही राहिलंच नाही गं. लांब जावं लागतं."

"दम लागलाय तुम्हाला. जरा टेका ना इथं. पिल्लानं आज डोळे उघडले, तेच सांगायचं होतं."

"मी टेकलो तर ते खाईल काय?" असे म्हणून तो पुन्हा उडे. पण उडताना रोज त्याच्या मनात येई, एक दिवस तरी कुठेही न जाता या फटीपाशी बसायला मिळाले पाहिजे. पिल्लू आत कसे चिवचिवते ते ऐकायला मिळाले पाहिजे.

लोभी म्हणाल, तर तो मुळीच लोभी नव्हता. पण ठकवणारा लोभ्यालाच शोधत फिरतो असे थोडेच आहे? दमलेल्याशी गाठ पडली, तरी त्याचे काम भागते.

एका सकाळी खिंडीतल्या मोठ्या वडाखाली त्याला गर्दी दिसली. मैना, बुलबुल, हरोळ्या, नाना तऱ्हेचे पक्षी फांद्यांवर बसले होते. मधल्या खडकावर एक धिप्पाड हुप्प्या वानर बसला होता आणि त्याच्या मागे उंबर, जांभळे, करवंदे यांचा रसरशीत ढीग होता. हुप्प्याच्या टोळीतली वानरे ढिगाभोवती बसली होती.

"या, या, धनेशराव!" हुप्प्या उठून उभा राहिला. "तुमच्यासारख्या घरंदाज पक्ष्याची तर आम्ही वाट पाहत होतो. किती उडता हो दिवसभर?"

"उजाडल्यापासून मावळेपर्यंत."

"आणि जन्मभर असंच उडणार?"

हुप्प्याने धनेशाच्या पंखाला हळूच हात लावला आणि म्हणाला, "हे आपलं अक्षय फळमंडळ. चोचभर फळं या ढिगात टाकायची. मग आपल्या ओळखीतले दोन पक्षी आणायचे. ते टाकतील त्यात तुमचा वाटा. ते आणखी दोघांना आणतील, त्यातही तुमचा वाटा. ज्याच्या मागं पक्षी जास्त, त्याला बसायला फांदी वरची. पुढं तुम्ही नुसतं ढोलीपाशी बसायचं, वहिनींशी गप्पा मारायच्या. फळं आपोआप येत राहतील!"

"हूप! हूप! हूप!" टोळीने एकदम असा गजर केला की झाडावरच्या पक्ष्यांच्या अंगावर पिसे उभी राहिली.

मग वरच्या फांदीवरून एक पोपट पुढे झाला. "मीसुद्धा पूर्वी एक साधा पोपट होतो," तो गहिवरून म्हणाला. "पेरूसाठी वणवण फिरायचो. मंडळात आलो आणि माझं आयुष्य बदललं!" थोड्या वेळाने एक नवी मैना आली, तेव्हा त्याने हेच वाक्य पुन्हा म्हटले, गहिवर नेमका तिथेच आणून.

आठवडी बाजारात दातांची पूड विकणारा ओरडत असतो ना, त्याच्याभोवतीच्या गर्दीतून सर्वांत आधी हात वर करून "मला दोन पुड्या द्या, मागच्या खेपेला फार गुण आला," म्हणणारा गृहस्थ नीट पाहून ठेवा. संध्याकाळी बाजार उठला की तोच त्या विक्रेत्याच्या टेम्पोत पुढे बसून निघून जातो. पण धनेश कधी बाजारात गेला नव्हता.

दिवसभर टुकटुक करणारा एक तांबट पक्षी मात्र आपला लहानसा गळा फुगवून म्हणाला, "एक विचारू का? सगळेच जर ढोलीपाशी बसून राहिले, तर झाडावरून फळं आणणार कोण?"

"बघा, आली टुकटुक!" हुप्प्या हसत म्हणाला. "अरे, दिवसभर एकच सूर लावून बसतोस, तुला कोणाचं भलं झालेलं बघवेल कसं? जा बाबा, जा, ठोकत बस आपलं खोड!" सगळा वड हसला. धनेशही हसला. तांबट उडून गेला, आणि धनेशाने आपली चोचभर फळे ढिगात टाकली. ती फळे त्या दिवशीची त्याच्या घरची दुपार होती.

आता दोन पक्षी आणायचे होते. पहिला शेजारचा बुलबुल मिळाला. दुसरा कोण, याचा विचार करताना त्याला आठवला आपला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, ओढ्यापलीकडच्या सातविणीच्या झाडावर राहणारा. त्याचा संसार नवाच होता. त्याची बायको प्रथमच ढोलीत बसली होती आणि मेहुणा बिचारा मिळेल ते फळ घेऊन धावत होता.

"दाजी, खरंच फळं येतात का हो?" मेहुण्याने विचारले.

"अरे, मी स्वतः आहे ना मंडळात."

"तसं नव्हे. मला त्यातलं काही कळत नाही. आमचं पहिलंच बाळंतपण. ही आत एकटी घाबरते, म्हणते लांब जाऊ नका."

तेवढ्यात ढोलीच्या फटीतून मेहुण्याच्या बायकोचा, वहिनीचा आवाज आला, "अहो, भावजी सांगतायत, मग विचारत काय बसलाय? परके का आहेत ते?"

धनेशाला त्या शब्दांनी फार बरे वाटले. खरे तर त्याच क्षणी त्याने दचकायला हवे होते. दुकान बुडाले तर पुन्हा उभे करता येते, पण घरच्यांनी डोळे मिटून दिलेला विश्वास दुसऱ्याच्या दुकानात गहाण टाकू नये. तो सोडवून आणायला आपल्याकडे काहीच नसते.

मेहुणा मंडळात आला. त्याने आपले दोन मित्र आणले, मित्रांनी आपापले शेजारी आणले. मग एका सकाळी हुप्प्याने सगळ्यांसमोर धनेशाला पुढे बोलावले, वरच्या फांदीवर बसवले आणि टपोऱ्या उंबरांचा वाटा त्याच्यापुढे ठेवला. "हूप! हूप!" टोळी गर्जली. खाली मेहुणा अभिमानाने सगळ्यांना सांगत होता, "ते माझे दाजी आहेत!"

धनेश खेपांवर खेपा घालून ती फळे घरी घेऊन गेला.

"अगंबाई, केवढी ही!" बायको आतून म्हणाली. "आणि किती गोड! कुठल्या झाडाची?"

"झाडाची नाहीत. मंडळाची."

"मंडळाला फळं लागतात होय?"

"तुला आत बसून काय दिसणार!" तो हसत म्हणाला.

खरोखरच तिला आतून काही दिसत नव्हते. दिसत नव्हते म्हणूनच तर तिने विचारले होते.

पण दुसरा दिवस सुखाचा गेला. धनेश कुठेही गेला नाही. फटीपाशी बसून त्याने बायकोला बाहेरचे रान सांगितले, बहावा कसा पिवळा झाला आहे, ओढा किती आटला आहे. पिल्लाने आपल्या इवल्या चोचीचे टोक फटीतून बाहेर काढले आणि त्याने त्या टोकाला आपली चोच हळूच लावली. "हे बाबा बरं का," बायको पिल्लाला म्हणाली. त्या दिवसासाठी धनेशाने काय मोजले, ते त्याला पुढे कळायचे होते.

त्यानंतर वाटा रोडावत गेला. "धनेशराव, नवे पक्षी आणा," हुप्प्या म्हणे. "खालची फांदी वाढली नाही, तर वरची वाळणारच. झाडाचा नियमच आहे तो!" मग धनेश पहाटे निघे तो फळे शोधायला नव्हे, पक्षी शोधायला. कोकिळेला विचारले, ती आधीच आत होती. दयाळाला विचारले, तो उलट यालाच आत घ्यायला आला होता. जो तो दुसऱ्याला मंडळात ओढायला निघालेला, आणि ओढावे असा कोणी रानात उरलाच नव्हता. दूरच्या झाडांवर जे थोडे पिकले होते ते कोणी आणायला न गेल्यामुळे गळून मातीत जात होते.

घरी तो एखादे सुकलेले करवंद घेऊन जाई.

"मला भूक नाही," बायको म्हणे. "पिल्लाला द्या."

"उद्या मोठा वाटा येणार आहे."

"बरं."

पुढे पुढे ती 'बरं' एवढेही म्हणेनाशी झाली. फळ घेताना तिची चोच त्याच्या चोचीला लागे, तेव्हा ती थरथरत असलेली त्याला जाणवे. तेव्हा कुठे तो घाबरला आणि गुपचूप पुन्हा पलीकडच्या खोऱ्यात जाऊ लागला. आणलेली फळे तो वडाकडे न नेता थेट घरी नेई. मेहुण्याला मात्र त्याने यातले काही सांगितले नाही.

मेहुणा आता वडावरच बसून असे. मिळेल ते फळ ढिगात टाकी आणि आपल्या वाट्याची वाट पाही.

"दाजी, उद्या माझी पाळी नक्की आहे म्हणतात," तो एकदा म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते. "पण पिल्लं उपाशी आहेत, ही आतून फार ओरडते हो. आज ढिगात न टाकता घरी नेऊ का? पण मध्येच थांबलं तर आधीचं सगळं जातं म्हणे."

'ने, घरी ने, मीही तेच करतोय,' एवढेच धनेशाला म्हणायचे होते. पण मेहुण्याने टाकणे थांबवले की आपला उरलासुरला वाटाही थांबेल, हा विचार त्याच्या मनात आला. बाळांनो, तो विचार डोळ्याची पापणी लवावी इतकाच टिकला, पण तेवढ्यात त्याच्या तोंडून शब्द गेले.

"टाकत राहा. इतके दिवस टाकलंस ना?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असे म्हणून मेहुण्याने चोचीतली फळे ढिगात टाकली.

आणि एका सकाळी वडाखाली कोणी नव्हते. ना हुप्प्या, ना टोळी. ढिगाच्या जागी साली, बिया आणि घोंघावणाऱ्या माश्या. टोळी कड्यावरून खालच्या रानात उतरून गेली होती. तिकडेही वड होते, तिकडेही पक्षी होते. वरच्या फांदीवर तेवढा पोपट बसला होता, मान खाली घालून.

"अरे, तू तर म्हणत होतास आयुष्य बदललं!" धनेश त्याच्यावर धावून गेला.

"मला जे शिकवलं ते मी म्हटलं," पोपट म्हणाला. "माझीही फळं गेली. पण तू का ओरडतोस? तुला तर मिळाली होती. सत्काराच्या दिवशी चोची भरभरून नेलीस."

"ती मंडळाची होती!"

"मंडळाकडं झाड होतं का एक तरी?" पोपट हळूच म्हणाला. "तुझ्या खाली जो होता, त्याची होती ती. तुझ्या मेहुण्याची."

धनेशाला पुढे काही ऐकू आले नाही. आपल्या पिल्लाने जी टपोरी उंबरे गिळली, ती कोणाच्या पिल्लाच्या तोंडची होती, ते एकदम त्याच्या ध्यानात आले. तो तसाच उडाला, पलीकडच्या खोऱ्यात जाऊन चोच भरली आणि सातविणीवर गेला.

मेहुणा ढोलीबाहेरच्या फांदीवर बसला होता. हालत नव्हता. फटीतून कसलाच आवाज येत नव्हता.

"वहिनी," धनेशाने फटीत फळ धरले. "वहिनी, घ्या. पिल्लांना द्या."

आत थोडी हालचाल झाली. मग वहिनीचा आवाज आला, इतका बारीक की वाऱ्याने पान हलले असते तरी तो ऐकू आला नसता. "पिल्लं नाहीत आता, भावजी."

"मग तुम्ही घ्या. तुम्हाला जगायला पाहिजे."

"यांना म्हणावं, तुमच्या चोचीनं द्या."

धनेशाने ते उंबर मेहुण्यापुढे ठेवले. मेहुण्याने ते उचलले, फटीतून आत सरकवले, आणि आतून ते घेतले गेले. मग तो धनेशाकडे न पाहता म्हणाला, "दाजी, त्या हुप्प्याचा मला राग येत नाही. तो एकटा आला असता तर मी त्याला झाडावर चढूही दिलं नसतं. तुम्ही आलात म्हणून मी एकदाही विचारलं नाही, फळं येतात कुठून."

धनेश म्हणाला, "अरे, मीही फसलोच ना रे."

"त्या दिवशी 'टाकत राहा' म्हणालात, तेव्हाही फसला होतात का?"

धनेशाने चोचीतली उरलेली फळे फांदीवर ठेवली आणि तो निघाला. त्या दिवसापासून तो रोज दोन झाडांसाठी उडू लागला. सातविणीच्या फांदीवर फळे ठेवायची आणि न बोलता परतायचे. मेहुणा ती उचलून आत देई. धनेशाशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

दिवस गेले. बेहड्यावरच्या ढोलीत बायकोला नवी पिसे आली. एका सकाळी तिने आतून चोचीचे घाव घालून चिखलाची भिंत फोडली आणि ती उजेडात आली, अंग आखडलेले, डोळे किलकिले करत. तिच्यामागून पिल्लू धडपडत फांदीवर उतरले. धनेशांमध्ये भिंत फुटली की गोतावळा जमतो, पिल्लाला पाहायला सगळे येतात. तिने इकडेतिकडे पाहिले. जवळच्या एकाही फांदीवर कोणी नव्हते. ज्यांना ज्यांना धनेशाने वडाखाली नेले होते, त्यांच्यापैकी एकही फिरकला नव्हता.

"माझा भाऊ नाही आला?" तिने विचारले. "पिल्लं झाली असतील ना त्यालाही? आपल्यापेक्षा थोडीशीच लहान."

धनेशाने खोटे बोलायचे ठरवले होते. उत्तरही तयार ठेवले होते. पण इतके दिवस अंधारात बसून आपल्या चोचीतून मिळेल ते न पाहता घेणारी ती आज प्रथमच त्याच्याकडे डोळ्यांनी पाहत होती.

"त्याची पिल्लं गेली," तो म्हणाला. "त्यांच्या तोंडचं मी आपल्या पिल्लाला आणलं. तू विचारलं होतंस कुठल्या झाडाची, आणि मी हसलो होतो."

तिने एकदा पिल्लाकडे पाहिले. मग नवे, न सरावलेले पंख उघडले आणि ओढ्याच्या दिशेने, सातविणीकडे, वाऱ्यात डगमगत उडत गेली. उडायला न येणारे पिल्लू तिच्यामागे ओरडत राहिले. धनेश त्याला सरकून चिकटून बसला. बायकोमागे जायचे त्याच्या फार मनात होते, पण त्या झाडावर आपली जागा उरलेली नाही हे त्याला माहीत होते.

तात्पर्य : ज्या व्यवहारात माल कुठे पिकतो हे कोणालाच सांगता येत नाही, तिथे आपल्या पदरात पडणारा वाटा मागून येणाऱ्याच्या ताटातून उचललेला असतो, आणि मागून येतात ती बहुधा आपल्यावर विश्वास टाकणारी आपलीच माणसे.